सांताक्रूझ बेटावर कयाक आणि स्पिअरफिशिंग: बेत आखण्याआधी हे वाचा

कॅलिफोर्नियातल्या मंडळींनो, उन्हाळ्यात सांताक्रूझ बेटावर जायचं ठरवताय? आधी नकाशा उघडा. फेरीबोट व्हेंचुराहून निघते आणि साधारण तासाभरात बेटावरच्या स्कॉर्पियन या थांब्याला पोचवते. आधी बुकिंग केलं तर कयाकही बोटीवर चढवता येते. सामुद्रधुनी वल्हवत ओलांडायचा हट्ट करू नका. मधून मालवाहू जहाजांचा मार्ग जातो आणि दुपारी वायव्येचा वारा उठतो.

खरी मेख पुढेच आहे. स्कॉर्पियनच्या भोवतीचं पाणी २००३ पासून राखीव आहे, तिथे मासा मारायला सक्त बंदी. हद्द ओलांडल्यावरच भाला काढायचा. १६ वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाला राज्याचं लायसन्स लागतं. केल्प बास किमान १४ इंची हवा. नारिंगी गॅरिबाल्डी आणि जायंट सी बास यांच्या वाटेला जायचंच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेऊ नका. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वासाची ओढ उशिरा लागते आणि वर येताना, अगदी पृष्ठभागाजवळ, शुद्ध हरपते. म्हणून एक खाली, तर दुसऱ्याची नजर सतत त्याच्यावर. केल्प या समुद्री शेवाळाच्या दोऱ्यांत पाय अडकला तर झटापट नको. शांतपणे सोडवा, चाकू हाताशी ठेवा. पाणी गार असतं, जाड वेटसूट घ्याच.

मुक्काम करणार असाल तर खाणं कॅम्पवरच्या पेटीत बंद ठेवा. तिथले डोमकावळे बॅगेची चेन सहज उघडतात!