‘गोदो कोण?’ या प्रश्नापलीकडे

सॅम्युअल बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’ या नाटकाविषयी सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न म्हणजे ‘हा गोदो कोण?’ ५ जानेवारी १९५३ रोजी पॅरिसमध्ये रोजे ब्लँ यांच्या दिग्दर्शनाखाली या नाटकाचा पहिला प्रयोग झाला, तेव्हापासून गोदो म्हणजे देव, मृत्यू, मुक्ती अशी नाना उत्तरे सुचविण्यात आली. बेकेटने मात्र ते आपल्याला ठाऊक असते, तर नाटकातच सांगितले असते, असे म्हणून हा विषय संपविला होता. असंगत नाटक हे कोडे समजून किल्ली शोधणारा वाचक बहुधा रित्या हातानेच परततो. अशा वेळी उपयोगी पडते ते संहितेचे सूक्ष्म वाचन.

केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी कवीचे नाव न सांगता विद्यार्थ्यांना कविता वाचायला दिल्या आणि त्या अनुभवावर १९२९ मध्ये ग्रंथ लिहिला. सूक्ष्म वाचनाच्या परंपरेचे हे एक महत्त्वाचे उगमस्थान. अर्थ बाहेरून आणू नये, तो शब्द, पुनरुक्ती आणि विसंगती यांतून उकलावा, हे तिचे सूत्र.

या सूत्राने ‘गोदो’ वाचताना प्रथम पुनरुक्तीकडे पाहावे. एस्ट्रॅगॉन निघण्याची गोष्ट काढतो, व्लादिमीर त्याला गोदोची आठवण करून देतो. हा संवाद ध्रुवपदासारखा परतत राहतो. परंतु दर वेळी एस्ट्रॅगॉन ते कारण जणू प्रथमच ऐकतो. एक जण विसरतो आणि दुसरा स्मरण देतो, या देवघेवीवरच प्रतीक्षा टिकून आहे.

दुसरी खूण रंगसूचनांची. दुसरा अंक ‘दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, त्याच जागी’ घडतो. पण पहिल्या अंकात निष्पर्ण असलेल्या झाडाला आता चार-पाच पाने फुटली आहेत. पोझो आंधळा, तर लकी मुका झाला आहे. निरोप घेऊन येणारा मुलगा काल आपण आलोच नव्हतो, असे सांगतो. एका रात्रीत एवढे कसे घडले? नाटककाराने ही विसंगती मिटविलेली नाही. प्रतीक्षा करणाऱ्याला दिवसांचा हिशेब उरत नाही, हे पात्रे बोलून दाखवीत नाहीत. वाचकच ते अनुभवतो.

तिसरी खूण लकीच्या दीर्घ भाषणाची. विरामचिन्हांविना धावणाऱ्या या भाषणाला निरर्थक बडबड म्हणून ओलांडण्याचा मोह होतो. सावकाश वाचल्यास ईश्वरशास्त्र आणि विद्वत्प्रबंध यांची भाषा ओळखू येते. ती हळूहळू तुटत जाते आणि डोक्यावरची टोपी काढताच थांबते. कोसळते आहे ती विद्वत्तेची खात्री.

सर्वांत बोलकी जागा मात्र अंकान्ती येते. पहिल्या अंकात जाऊ या का, असे एस्ट्रॅगॉन विचारतो आणि व्लादिमीर होकार देतो. दुसऱ्या अंकात विचारणारा व्लादिमीर असतो, होकार एस्ट्रॅगॉनचा. दोन्ही वेळा रंगसूचना सांगते, की ते हलत नाहीत. शब्द आणि कृती यांच्यातील ही फारकत हेच या नाटकाचे मर्म होय. शिवाय प्रश्नकर्ता बदलल्याने दोघांचीही अवस्था एकच असल्याचे स्पष्ट होते.

अर्थात, नाटक केवळ कागदावर पुरे होत नाही. शेवटी एस्ट्रॅगॉनची विजार पूर्णपणे घसरलीच पाहिजे, असा आग्रह बेकेटने ब्लँ यांना पत्र लिहून धरला होता. आत्महत्येच्या विचाराशेजारी विदूषकी हास्य उभे राहिले नाही, तर ‘शोक-सुखात्मिका’ हे त्याने इंग्रजी आवृत्तीला दिलेले उपशीर्षक पोकळ ठरते. म्हणूनच संवादांइतकेच विराम आणि स्तब्धताही मोठ्याने वाचताना पाळून पाहाव्यात.

१९५७ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन क्वेंटिन तुरुंगात सुमारे चौदाशे कैद्यांपुढे हे नाटक झाले. अनेक सुशिक्षित प्रेक्षकांना दुर्बोध वाटलेला प्रयोग त्यांनी तन्मयतेने पाहिला. गोदो कोण, हे कळण्याची त्यांना गरज भासली नाही. वाट पाहणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. सूक्ष्म वाचन वाचकालाही त्याच अनुभवापाशी नेते.