वाघाची मावशी आणि दूधभात

मांजराला आपण वाघाची मावशी म्हणतो खरे. परंतु ही मावशी घरी आली, की तिच्यापुढे दूधभाताची वाटी ठेवून मोकळे होतो. गेल्या पावसाळ्यात आम्हीही तेच केले आणि त्यापायी एक इवलासा जीव हातचा जाण्याची वेळ आली.

त्याचे असे झाले. आमचे घर वडोदऱ्यात, दांडिया बाजारातले. श्रावणातल्या एका संध्याकाळी जिन्याखालून क्षीण म्यावम्याव ऐकू आली. पाहतो तो मुठीएवढे करडे पिल्लू! शेजारच्या गुजराती बेन म्हणाल्या, “मांजर पिलांना सात घरे फिरवते, आई येईल, हात लावू नका.” सल्ला योग्यच होता. दिवेलागणीपासून रात्री दहापर्यंत आम्ही दुरून वाट पाहिली. परंतु आई आली नाही. अखेर मुलांनी पिलाला घरात आणले आणि त्याचे ‘मनी’ असे बारसेही उरकले.

गाईचे दूध आणि मऊ भात मनीने आवडीने खाल्ला. आम्ही कौतुकाने पाहत होतो. तिसऱ्या दिवशी तिला जुलाब सुरू झाले, पाय गार पडले, मान टाकली. जनावरांच्या डॉक्टरांनी प्रथम तिला ऊब दिली, मग कातडीखाली सलाईन दिले. गारठलेल्या पिलाच्या तोंडात काहीही घालू नये, त्याला पचत नाही, हे आम्हांस तेव्हा कळले. दातांवरून तिचे वय त्यांनी पाच आठवड्यांचे ठरविले. गाईच्या दुधातील शर्करा पुष्कळ मांजरांना पचत नाही; आईवेगळ्या तान्ह्या पिलासाठी वेगळी दूधभुकटी मिळते आणि चार आठवड्यांनंतर मऊ, ओलसर खाद्य सुरू करता येते, असे त्यांनी समजावले.

खरी अडचण पुढेच होती. मांजर हा जातिवंत मांसाहारी प्राणी. टॉरिन नावाचे द्रव्य त्याला मांसातूनच मिळावे लागते. ते न मिळाल्यास मांजराची दृष्टी जाते, हे 1975 साली, तर हृदय दुबळे होते, हे 1987 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. आमच्या घरात तर अंडेही कधी आले नव्हते! मातुःश्रींना कसे विचारावे, या विवंचनेत आम्ही दोन दिवस काढले. शेवटी त्याच म्हणाल्या, “वाघाच्या मावशीला वरणभात घालून सोवळ्यात बसवणार आहात की काय? तिचा धर्म तिला, आपला आपल्याला.” त्या दिवसापासून पिलांसाठीच्या तयार खाद्याचा डबा आणि मनीची ताटली गॅलरीत निराळी ठेवली गेली.

बाकीची निगा फारशी अवघड नाही. पहिले काही दिवस एकच खोली, एक खोके, त्यात जुने लुगडे आणि कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली एवढे पुरते. पसरट घमेल्यात वाळू ठेवली, की पिल्लू उकरण्याच्या उपजत सवयीने तेथेच विधी करू लागते. जंताचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे. लसींना सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास आरंभ करावा; पुढील मात्रा आणि रेबीजची लस चुकवू नये. माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊ शकते, कांदा-लसूणही विषारीच. उत्तरायणानंतर घरात पडलेला मांजा पिलाने गिळला, तर आतडी कापली जातात. चार महिन्यांची भाटीही गाभण राहू शकते; म्हणून शस्त्रक्रियेविषयी डॉक्टरांना वेळीच विचारावे.

आज मनी अंगणात रुबाबात हिंडते. संध्याकाळी मातुःश्री जप करीत बसल्या, की त्यांच्या मांडीशी येऊन घुरघुरते. माया म्हणजे आपल्या ताटातले दुसऱ्याला देणे, असे आम्ही समजत होतो. दुसऱ्याच्या ताटात काय हवे, हे आधी विचारणे म्हणजेही माया, हे या वाघाच्या मावशीने आम्हांस शिकविले.