मुक्या जिवांची दिल्लीवारी

मुलांस चित्रपट दाखवावा की न दाखवावा, हा प्रश्न आईबापांस पूर्वीपासून पडत आला आहे. आज तर चित्रपटगृह प्रत्येकाच्या खिशातच येऊन बसले आहे; तेव्हा 'दाखवू नये' असे म्हणण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. काय दाखवावे आणि पाहून झाल्यावर मुलांशी काय बोलावे, एवढेच आपल्या हाती आहे. हा विचार मनात धरून गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही तिरोडीतील मुलांना एकत्र जमवले, भिंतीवर पांढरी चादर ताणली आणि 'दिल्ली सफारी' हा हिंदी चित्रपट त्यांना दाखवला. मुलांमागोमाग त्यांच्या आयाही आल्या. पाळी संपवून परतलेले काही खाणकामगार दाराशी उभे राहिले. त्या संध्याकाळी जे घडले ते आमच्या मनातून अद्याप गेलेले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम चित्रपटाविषयी. हा नटनट्यांचा नव्हे, तर चित्रांचा चित्रपट आहे. ज्याला ॲनिमेशन म्हणतात त्या कलेने त्यातील प्राणी चालतात, बोलतात, हसतात व रडतात. पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्स या संस्थेने तो तयार केला आणि निखिल अडवाणी यांनी त्याचे दिग्दर्शन केले. १९ ऑक्टोबर २०१२ रोजी तो प्रदर्शित झाला व त्या वर्षीचा उत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास लाभला. माकडाचा आवाज गोविंदा यांचा, अस्वलाचा बोमन इराणी यांचा आणि पोपटाचा अक्षय खन्ना यांचा. आवाज कानी पडताच मुलांनी ते बरोबर ओळखले, हे सांगावयास नकोच!

कथा मुंबईच्या अंगाला लागून असलेल्या बोरीवलीच्या जंगलातील आहे. इमारती बांधण्यासाठी तेथे यंत्रे येतात, झाडे कोसळू लागतात आणि युवी नावाचे बिबट्याचे पिल्लू त्याच दिवशी आपल्या पित्यास मुकते. जंगलातील प्राणी सभा भरवतात. माणसांशी लढावे, असे तापट माकडाचे मत. अस्वल मात्र शांत स्वभावाचे. अखेर असे ठरते की, थेट दिल्लीस जावे आणि देशाच्या संसदेलाच विचारावे, 'आमचे घर तुम्ही का मोडता?' परंतु माणसांची भाषा कोणाला येते? ती येते एका पोपटाला, आणि तो तर माणसांत सुखाने राहणारा, ऐषआरामाला सोकावलेला! त्यास अक्षरशः पळवून आणून ही मंडळी मार्गस्थ होतात. पुढे वाटेतील संकटे, रुसवेफुगवे, थट्टामस्करी सारे काही आहे. आणि शेवटी त्या मुक्या जिवांचे गाऱ्हाणे पोपटाच्या तोंडून माणसांच्या कानी पडते.

प्राणी बोलतात ही कल्पना पोरकट आहे, असे कोणी म्हणेल. त्यास आम्ही पवित्र शास्त्रातील बलामाच्या गाढवीची आठवण करून देऊ. बलाम गाढवीवर बसून चालला असता परमेश्वराचा दूत हाती तलवार घेऊन वाटेत उभा राहिला. गाढवीने त्याला पाहिले. ज्ञानी म्हणवणाऱ्या बलामाला तो दिसला नाही. ती वाट सोडून बाजूला झाली म्हणून बलामाने तिला तीनदा मारले. तेव्हा परमेश्वराने तिचे मुख उघडले आणि तिने धन्याला विचारले की, मी तुझे असे काय केले म्हणून तू मला मारतोस? पुढचे संकट जनावराला आधी दिसावे आणि माणसाने त्यालाच झोडपावे, हा प्रकार केवळ बलामाच्या काळी घडला असे नव्हे. ओढा आटतो तेव्हा ते प्रथम हरणांस कळते. जंगल विरळ होते तेव्हा बिबट्या गावाच्या वेशीशी येतो, आणि आपण काठ्या घेऊन धावतो.

बोलणाऱ्या प्राण्यांचे तर आपण तिरोडीकर जणू सख्खे शेजारी आहोत. रुडयार्ड किपलिंग या इंग्रज लेखकाने १८९४ साली 'जंगल बुक' प्रसिद्ध केले, त्यातील मोगलीचे घर आपल्या शेजारच्या सिवनीच्या डोंगरांत आहे, आणि त्याची नदी म्हणजे आपली वैनगंगा! डिस्नेने १९६७ साली त्यावर चित्रपट काढला. पुढे जपानमध्ये तयार झालेली मोगलीची चित्रमालिका १९९० नंतरच्या दशकात दूरदर्शनवर लागू लागली, तेव्हा आज बाप झालेले आपल्यातील कितीतरी जण रविवारी सकाळी शेजाऱ्यांच्या ओसरीवर दाटीने बसत असत. साऱ्या जगातील मुले ज्या रानाची स्वप्ने पाहतात, ते रान आपल्या दारात आहे. बालाघाट जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग वनाने व्यापलेला आहे. एका बाजूस कान्हा, दुसऱ्या बाजूस पेंच. आणि या दोन अभयारण्यांना जोडणारी वाघांची जुनी वाट बालाघाट व सिवनी याच जिल्ह्यांतून जाते. ती कधी कोणाच्या शेताच्या धुऱ्यावरूनही जाते.

आता त्या संध्याकाळचा प्रसंग. चित्रपट संपला, दिवे लागले. आम्ही मुलांना विचारले, "यात दुष्ट कोण?" सर्वांनी एकमुखाने उत्तर दिले, "जंगल तोडणारा!" आम्हांस समाधान वाटले. बोध झाला, आता प्रार्थना करून मुलांना घरी धाडावे, असे आम्ही मनाशी म्हणत होतो. तेवढ्यात आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा उठला आणि दाराशी उभ्या असलेल्या आपल्या वडिलांकडे वळून म्हणाला, "बाबा, आपली खाण आहे तिथं आधी जंगल होतं का?"

खोलीत शांतता पसरली. वडील क्षणभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "होतं, बाळा. तुझा आजा सांगायचा."

मुलाने पुढे काही विचारले नाही. पण त्याच्या मुद्रेवर पुढचा प्रश्न स्पष्ट लिहिलेला होता. जंगल तोडणारा दुष्ट, खाणीच्या जागी जंगल होते, आणि बाबा तर खाणीत काम करतात! आमच्या सोप्या प्रश्नाने एका लेकरास आपल्या जन्मदात्याविषयी संशयात पाडले होते. दोष मुलाचा नव्हता. तो अर्धा चित्रपटाचा होता आणि अर्धा आमचा.

हे जरा विस्ताराने सांगितले पाहिजे. आपल्या भागातील मँगनीज शंभराहून अधिक वर्षे निघत आहे. त्याच्या बळावर तिरोडी वसली, तुमसरहून आगगाडी येथवर आली, पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटल्या. पोलाद करताना त्यातील दोष काढून टाकण्यासाठी व त्यास बळकटी आणण्यासाठी मँगनीज लागते. नांगराचा फाळ, विहिरीवरचे इंजिन, आगगाडीचा रूळ, मंदिराच्या छपरातील सळई, ज्या यंत्रावर आम्ही तो चित्रपट दाखवला त्यातील खिळा, या साऱ्यांत कोठल्या ना कोठल्या खाणीचा घाम आहे. जो पोलाद वापरतो त्याने खाणकामगारास दुष्ट म्हणणे हा शुद्ध ढोंगीपणा होय. चित्रपटात एक बिल्डर असतो. त्याला हरवले की जंगल वाचते. खऱ्या जगात त्या बिल्डरच्या मागे घर मागणाऱ्यांची रांग उभी असते, आणि त्या रांगेत आपणही असतो.

बोरीवलीच्या जंगलाची पुढची खरी कथाच पाहावी. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या त्या राष्ट्रीय उद्यानात आजही बिबटे राहतात. मुंबईला पाणी पुरवणारे विहार व तुळशी हे तलाव त्याच्याच कुशीत आहेत. त्याला लागून असलेल्या आरे वसाहतीत मेट्रो गाड्यांच्या आगारासाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये रातोरात झाडे तोडण्यास आरंभ झाला. तेव्हा कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी दिल्लीस सरन्यायाधीशांना पत्र लिहिले, आणि ७ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. सात वर्षांपूर्वी चित्रपटातील पोपटाने जे केले तेच जणू या तरुणांनी केले! परंतु तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. पुढे बरीच वादावादी होऊन आगार अखेर आरेमध्येच झाले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला. दाराला लोंबकळून जिवावर उदार होऊन कामावर जाणाऱ्या मुंबईकराला आज तीत बसता येते. झाडे गेली हेही खरे, आणि त्या माणसाची सोय झाली हेही खरे.

मग मुक्यांसाठी बोलणे व्यर्थ आहे काय? मुळीच नाही. आपल्या जवळच नागपूर-सिवनी मार्ग आहे. तो राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या रानातून चौपदरी करावयाचा ठरला, तेव्हा वन्यजीवांची बाजू घेणाऱ्यांनी न्यायालयापर्यंत धाव घेतली. रस्ता झाला, पण महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी तो उंच उचलून खालून प्राण्यांना मोकळी वाट ठेवण्यात आली. त्यांपैकी सर्वांत मोठी वाट ७५० मीटर रुंद आहे. तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघ, बिबटे, रानकुत्री, चितळ खालून निर्धास्त जाताना टिपले गेले आहेत. वरून मालमोटारी जातात, खालून वाघ जातो. कोणी बोलले नसते तर ही वाट झाली नसती. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीला सर्वांचे सामाईक घर म्हटले. सामाईक घरात भांडणे होतातच. तरी मुक्या भावंडाचा वाटा कोणी मोडू नये, हे थोरांनी पाहावयाचे असते.

हे सारे आम्हांस त्या संध्याकाळी सुचले नाही, हे प्रांजळपणे कबूल करतो. आम्ही गोंधळलो होतो. आम्हांस सोडवले ते मागे बसलेल्या एका वयस्क बाईंनी. त्या म्हणाल्या, "फादर, खाणीचं राहू द्या. ती काही आमच्या हातची नाही. पण मोहाखाली आग तर आम्हीच लावतो."

शहरातील वाचकांस याचा उलगडा होणार नाही. आपणांस तो करून सांगण्याचे कारण नाही. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहफुले गळतात. वाळक्या पाचोळ्यात ती वेचणे जिकिरीचे, म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात. काळ्या जमिनीवर फुले चटकन दिसतात. पण आग झाडाखालीच थांबत नाही. वारा सुटला की ती रानात शिरते. जमिनीवर घरटे करणाऱ्या पाखरांची अंडी जळतात, सरपटणारे जीव होरपळतात, आणि मोहाचे कोवळे रोपटेही राख होते. म्हणजे ज्या झाडाने आजीला, आईला आणि आपल्याला पोसले, त्याचे बाळ आपणच दरवर्षी जाळतो. उद्या म्हातारा मोह उन्मळून पडला, तर त्याच्या जागी कोण उभे राहील?

त्या बाईंनी चित्रपटातील दुष्टाचा पत्ता शोधून काढला होता, आणि तो त्यांनी स्वतःच्याच अंगणात शोधला. आम्ही वर्षानुवर्षे प्रवचने केली. पण पश्चात्तापाचा इतका सरळ पाठ क्वचितच ऐकला असेल. खाणीत राबणाऱ्या बापाला जे बदलता येत नाही, त्याचा जाब त्याच्या लेकराने त्याला विचारू नये. पण जे आपल्या हातच्या काडीने घडते, त्याचा जाब प्रत्येकाने स्वतःस विचारावा. परमेश्वराने आदामाला बागेत ठेवले ते तिची मशागत करण्यास आणि तिची राखण करण्यास. मशागत आपण करतोच. तिजवर आपले पोट आहे. राखण मात्र विसरतो.

यंदा मोह गळू लागला तेव्हा आम्ही एका पहाटे बावनथडीच्या बाजूने चक्कर मारली. दूरच्या टेकडीवर धूर दिसत होता. वर्षानुवर्षांची सवय एका चित्रपटाने सुटत नाही. पण दोन कुटुंबांच्या झाडांखाली पाचोळा खराट्याने झाडून बाजूला सारला होता आणि जमिनीवर जुनी लुगडी अंथरली होती. त्यांतील एका झाडाखाली तोच मुलगा वडिलांबरोबर फुले गोळा करीत होता. वडिलांची पाळी दुपारची असावी. आम्हांस पाहताच मुलगा ओरडला, "फादर, बघा, फुलांना माती पण लागली नाही!"

त्याचे म्हणणे खरे होते. फुले स्वच्छ होती, आणि झाडापासून चार हातांवर मोहाची दोन कोवळी रोपे उभी होती. वडिलांनी त्यांच्याभोवती काट्यांचे लहानसे कुंपण केले होते. आम्ही त्यांस विचारले, "हे कोणी सांगितले?" ते मुलाकडे पाहून हसले आणि पुन्हा लुगड्यावरची फुले टोपलीत भरू लागले.

वाचकहो, येत्या सुट्टीत आपणही मुलांजवळ बसून हा चित्रपट पाहावा, आणि पाहून झाल्यावर त्यांस 'दुष्ट कोण?' असे विचारू नये. 'आपण काय राखायचे?' असे विचारावे. आमच्या चुकीतून आम्ही एवढे शिकलो.