कंबरदुखीवर सुई: फायदा किती, काळजी कोणती?

आषाढात शहापूर, मुरबाडच्या खाचरांत आवणी सुरू झाली की बायका दिवसभर चिखलात वाकून भात लावतात. आवणी संपते, पण धरलेली कंबर सुटत नाही. नंतर सरपणाचे भारे, पाण्याचे हंडे आणि कातकरी कुटुंबांच्या नशिबी वीटभट्टी. दुखले की गोळी हा नेहमीचा उपाय. पण वेदनाशामक गोळ्या महिनोन् महिने घेतल्या तर जठर आणि मूत्रपिंड यांना इजा होऊ शकते. अशा वेळी कुणीतरी अ‍ॅक्युपंक्चर सुचवते. त्यावर किती भरवसा ठेवावा?

ही मूळची चिनी पद्धत. तिचा भारतातील प्रवास सांगताना सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव निघते. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी ते एक होते. मात्र १९४२ मध्ये त्यांचे तिथेच निधन झाले. ही विद्या भारतात रुजवली ती त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांनी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ती चीनमध्ये शिकून घेतली आणि कोलकात्यात उपचार सुरू केले.

शरीरातील वाहिन्यांमधून 'ची' नावाची ऊर्जा वाहते आणि ठराविक बिंदूंवर सुई टोचली की तिचा अडथळा दूर होतो, असे परंपरा मानते. अशी ऊर्जा विज्ञानाला सापडलेली नाही. सुईने मज्जातंतू उत्तेजित होतात आणि मेंदूत एंडॉर्फिन ही वेदना कमी करणारी द्रव्ये स्रवतात, असे आधुनिक संशोधन सांगते.

जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी अ‍ॅक्युपंक्चर घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्के रुग्णांना चांगला गुण आला होता. औषधे, फिजिओथेरपी आणि व्यायाम या नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण २७.४ टक्के होते. पण बिंदू सोडून भलतीकडेच, वरवर सुया टोचलेल्या गटातही ते ४४.२ टक्के निघाले! म्हणजे आराम पडतो हे खरे, पण त्याचे श्रेय नेमक्या बिंदूला देता येत नाही. शिवाय निम्म्याहून अधिक रुग्णांना पुरेसा गुण आला नाही. म्हणून 'हमखास बरे करू' म्हणणाऱ्यापासून सावध राहावे.

अ‍ॅक्युपंक्चरसाठी पश्चिम बंगालने १९९६ मध्ये कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा २०१५ चा. त्यानुसार राज्यात अ‍ॅक्युपंक्चर परिषद असून व्यावसायिकांची तिच्याकडे नोंदणी होते. तेव्हा सुया टोचून घेण्यापूर्वी नोंदणी क्रमांक जरूर विचारावा. ज्याला हा अभ्यासक्रम शिकायचा आहे, त्यानेही फी भरण्याआधी महाविद्यालयाला परिषदेची मान्यता आहे का, ते पाहावे.

सुई निर्जंतुक असावी, पाकीट रुग्णासमोर फोडावे आणि वापरलेली सुई फेकून द्यावी. तीच सुई दुसऱ्याला टोचली तर कावीळ बी, कावीळ सी यांसारखे आजार पसरू शकतात. छातीवर किंवा पाठीवर खोल टोचल्यास फुप्फुसाला इजा होऊ शकते. असे क्वचित घडते, पण घडते. गरोदरपण असल्यास किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास ते आधी सांगावे.

काही कंबरदुखी मात्र सुईची नव्हेच. पायातली ताकद जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे किंवा जांघेत बधिरपणा येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पडल्यानंतर कंबर दुखू लागली तरी तपासणीला उशीर करू नये. दुखण्यासोबत ताप असेल किंवा वजन घटत असेल, तर मणक्याचा क्षयरोगही असू शकतो. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय ही अशा वेळची पहिली पायरी. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

निदान झाले, धोक्याचे काही नाही असे डॉक्टरांनी सांगितले, की मग हवी तर सुई घ्यावी. सोबत चालणे आणि पाठीचे व्यायाम चालूच ठेवावेत. आवणीत मधूनमधून सरळ उभे राहून कंबर मागे ताणावी. त्याला ना सुई लागते, ना पैसे.