एचआयव्हीचे औषध लागू पडेनासे का होते?

पुणे-नगर महामार्गावरील सुपा हे पारनेर तालुक्यातील औद्योगिक वसाहतीचे गाव. अशा ठिकाणी बाहेरगावचे तरुण कंत्राटी कामावर येतात. त्यांची पाळी बदलते, खोली बदलते, ठेकेदार बदलतो. एचआयव्हीसह जगणाऱ्या कामगाराला या धावपळीतही रोजची गोळी चुकवता येत नाही. का, हे प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेतले पाहिजे.

एचआयव्ही शरीरात झपाट्याने स्वतःच्या प्रती काढतो. त्यात चुका होतात आणि त्या दुरुस्त करण्याची सोय त्याच्याकडे नसते. म्हणून सतत थोडे वेगळे विषाणू तयार होतात. रक्तात पुरेसे औषध असेल तर हे प्रती काढणेच थांबते. गोळ्या वारंवार चुकल्या की औषध कमी पडते. मग त्याला न जुमानणारे विषाणू टिकतात आणि वाढतात. यालाच औषध-प्रतिरोध म्हणतात. असा प्रतिरोधक विषाणू दुसऱ्यालाही लागू शकतो.

1987 मध्ये एचआयव्हीवर पहिले औषध आले. ते एकटे दिल्याने विषाणू लवकरच त्याला सरावला. 1996 च्या सुमारास तीन औषधे एकत्र देणे सुरू झाले आणि चित्र पालटले. भारतात 1 एप्रिल 2004 पासून सरकारी एआरटी केंद्रांत हा उपचार मोफत मिळू लागला. आज बहुतेक प्रौढ रुग्णांना टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर असलेली एकच गोळी दिली जाते. डोल्युटेग्राविरला प्रतिरोध सहजासहजी निर्माण होत नाही. पण होतच नाही, असे नाही.

गोळ्या नियमित घेऊनही औषध कमी पडू शकते. क्षयावरील रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्राविरचे प्रमाण घटते, म्हणून त्याचा जादा डोस लागतो. ॲसिडिटी, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्याही अडथळा आणतात. त्यामुळे इतर कोणतेही औषध चालू असल्यास एआरटी केंद्रात सांगावे.

बरे वाटते म्हणजे औषध काम करते, असे नव्हे. त्यासाठी व्हायरल लोड तपासणी आहे. विषाणूंचा आकडा 1000 च्या वर गेला तर आधी गोळ्या चुकतात का, हे पाहून समुपदेशन होते आणि पुन्हा तपासणी होते. गरज पडल्यास पुढच्या टप्प्याची औषधे मिळतात, तीही मोफत.

'गोळ्या का चुकवल्या?' असे दरडावण्याआधी एक प्रश्न विचारा: केंद्रात जाण्यासाठी त्याला दिवसाची मजुरी बुडवावी लागते का? खोलीतल्या सोबत्यांपासून त्याला डबी लपवावी लागते का? गाव बदलले तर उपचार दुसऱ्या केंद्रात हलवता येतो, हे त्याला कोणी सांगितले आहे का? 2017 च्या एचआयव्ही कायद्याने नोकरीतील भेदभावाला बंदी केली आहे आणि संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही. माहितीसाठी 1097 ही मोफत हेल्पलाइन आहे.

प्रतिरोध निर्माण होतो तो विषाणूत, पण त्याला वाव मिळतो तो आपल्या समाजातल्या भीतीमुळे आणि गरिबीमुळे. कुणाचे नाव न फोडता, त्याच्या गोळ्यांत खंड पडणार नाही एवढी साथ देणे आपल्या हातात आहे.