लिनक्सची नवी आवृत्ती कशी तयार होते?

तुमचा फोन अँड्रॉइडचा असेल, तर त्याच्या तळाशी लिनक्स कर्नल, म्हणजे यंत्र आणि प्रोग्राम यांना जोडणारा गाभ्याचा कोड आहे. नोव्हेंबर 2017 पासून जगातल्या सर्वांत वेगवान 500 महासंगणकांच्या यादीतही सगळीकडे लिनक्सच आहे. 1991 मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी हा कर्नल लिहायला घेतला. आज त्याच्या प्रत्येक आवृत्तीला हजाराहून अधिक जणांचे हात लागतात. बरेच जण वेगवेगळ्या कंपन्यांचे पगारदार, काही निव्वळ हौशी. लिनस यांना यातल्या कोणाला कामाला लावता येत नाही आणि कोणाला काढताही येत नाही. तरीही नवी आवृत्ती वेळेवर येते. ती कशी, हे एका छोट्या दुरुस्तीच्या मागोमाग जाऊन पाहू.

समजा, एका विद्यार्थिनीच्या लॅपटॉपचा टचपॅड स्लीपमधून उठल्यावर चालत नाही. ती ड्रायव्हरमधली चूक शोधते आणि चार ओळी बदलते. या बदलाला पॅच म्हणतात. काय बिघडले होते, का बिघडले आणि हाच उपाय का, हे ती सोबत लिहिते. शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ आणि स्वतःचे नाव. हा कोड देण्याचा हक्क मला आहे, अशी ती ग्वाही असते. एससीओ कंपनीने कोडच्या मालकीवरून कोर्टकज्जे सुरू केल्यानंतर, 2004 मध्ये ही पद्धत आली.

पॅच पाठवायचा कोणाला? कर्नलमध्येच ‘मेंटेनर्स’ नावाची फाइल आहे. कोणता भाग कोण सांभाळतो, हे तिच्यात लिहिलेले असते. पॅच ईमेलने जातो. जाणकार तो ओळ न् ओळ वाचतात, शंका काढतात; ती सुधारून दुसरी, तिसरी आवृत्ती पाठवते. पटल्यावर त्या भागाचा मेंटेनर तो आपल्या शाखेत, म्हणजे कर्नलच्या स्वतःच्या प्रतीत घेतो आणि खाली स्वतःचीही सही जोडतो. पुढे ‘लिनक्स-नेक्स्ट’मध्ये सगळ्यांच्या शाखा एकत्र करून कोणाचा बदल कोणाशी भांडतो ते पाहतात. मगच मेंटेनर लिनस यांना आपली शाखा घ्यायला सांगतो. प्रत्येक पॅच लिनस स्वतः वाचत नाहीत. ते मेंटेनरवर विसंबतात.

वेळापत्रक मात्र कडक. आवृत्ती निघाली की दोन आठवडे ‘मर्ज विंडो’ उघडते. नव्या सोयी तेवढ्यातच आत येतात. मग आरसी-1, म्हणजे पहिली ‘रिलीज कँडिडेट’ किंवा चाचणी आवृत्ती, आणि दर रविवारी पुढची आरसी. या काळात फक्त दुरुस्त्या, त्यामुळे आपली टचपॅडची दुरुस्ती आताही आत येऊ शकते. आरसी-7 किंवा आरसी-8 नंतर अंतिम आवृत्ती, म्हणजे साधारण नऊ-दहा आठवड्यांनी एक. पूर्वी असे नव्हते. 2.4 ही आवृत्ती जानेवारी 2001 मध्ये आली आणि 2.6 थेट डिसेंबर 2003 मध्ये. इतकी वाट पाहावी लागणार म्हटल्यावर अर्धवट कामही आत ढकलायची घाई होते. आता लोकलसारखे आहे: ही चुकली तर पुढची येतेच. म्हणून मेंटेनरला ‘या खेपेला नको’ असे निर्धास्तपणे म्हणता येते.

एक नियम सर्वांवर. जुन्या कर्नलवर चालणारा प्रोग्राम नव्यावर बंद पडला, तर दोष कर्नलचा. बदल दुरुस्त करायचा, नाहीतर मागे घ्यायचा. दोषी बदल शोधायला गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन आहे. त्याआधीच्या बिटकीपर या साधनाचा मोफत वापर बंद झाल्यावर एप्रिल 2005 मध्ये लिनस यांनी ते घडवले. ‘गिट बायसेक्ट’ दर चाचणीला संशयितांची संख्या निम्म्यावर आणते. दहा हजार बदलांतला नेमका एक साधारण चौदा चाचण्यांत सापडतो.

आवृत्ती निघाल्यावर महत्त्वाच्या दुरुस्त्या जुन्या, ‘स्टेबल’ शाखांतही नेल्या जातात. ग्रेग क्रोआ-हार्टमन हे काम वर्षानुवर्षे करत आले आहेत.

या साऱ्या व्यवस्थेत खरी टंचाई आहे ती कोड वाचणाऱ्यांची. लिहिणारे पुष्कळ मिळतात. म्हणून नवख्याने सुरुवात दुसऱ्याचा पॅच आपल्या यंत्रावर चालवून पाहण्यापासून करावी. ‘टेस्टेड-बाय’ या ओळीत त्याचेही नाव कर्नलच्या इतिहासात कायमचे नोंदले जाते, आणि मेंटेनरचा तेवढा भार हलका होतो.