संगणक तारीख कशी लक्षात ठेवतो?

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला मोठा भूकंप झाला. किल्लारी हे गाव लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात आहे. त्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे मेली. माझ्या आजीचा धाकटा भाऊ पण त्यात गेला. आजी दर वर्षी ३० तारखेला पहाटे उठून दिवा लावते.

गुरुजींनी आम्हाला शाळेच्या संगणकावर जगातल्या भूकंपांची यादी दाखवली. तिच्यात किल्लारीपुढे २९ सप्टेंबर, २२ वाजून जवळजवळ २६ मिनिटे, असे होते. मी घरी येऊन विचारलं, "आजी, तू एक दिवस चुकलीस का गं?" आजी म्हणाली, "चुकते कशी लेकी? २९ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून लोकं झोपली अन् पहाटं घरं पडली." मला लई वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारलं, खरं कोणाचं? गुरुजी म्हणाले, "दोघांचंही." मग त्यांनी समजावून सांगितले ते मी इथे लिहिते.

संगणकाला महिना, वार काही कळत नाही. त्याला फक्त ० आणि १ कळतात, दिवा बंद आणि दिवा चालू असे. म्हणून तो तारीख एका मोठ्या संख्येत ठेवतो. पुष्कळ संगणक १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतात. इंग्लंडमधल्या ग्रीनिच गावच्या मध्यरात्रीला शून्य धरतात. एका दिवसात २४ × ६० × ६० = ८६४०० सेकंद होतात. तेव्हापासून किल्लारीच्या भूकंपापर्यंत ८६७२ दिवस, २२ तास, २६ मिनिटे झाली. आम्ही फळ्यावर गुणाकार केला. उत्तर आले ७४ कोटी ९३ लाख ४१ हजार ५६०. संगणकाच्या पोटात भूकंपाची वेळ म्हणजे एवढा एकच आकडा.

मग १९७० च्या आधीचे काय? तिथे उलटे मोजायचे आणि उणे चिन्ह लावायचे. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला. तो दिवस शून्याच्या ७७७६ दिवस मागे आहे.

आता २९ आणि ३० चा घोळ. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. भारताची वेळ ८२½ अंश रेखांशावरची आहे. ८२½ ला १५ ने भागले की ५½ येतात. म्हणून आपले घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असते. २२ वाजून २६ मिनिटांत ५ तास ३० मिनिटे मिळवा. २७ वाजून ५६ मिनिटे झाली. दिवस तर २४ तासांचाच! २४ वजा केले की उरतात ३ वाजून ५६ मिनिटे, आणि हातचा १ तारखेला मिळवायचा. २९ चे ३० झाले!

म्हणजे भूकंपाचा क्षण एकच. ग्रीनिचला तेव्हा २९ ची रात्र होती आणि किल्लारीला ३० ची पहाट. साऱ्या जगाची यादी एका घड्याळाने लिहावी लागते, नाहीतर आधी काय झाले अन् नंतर काय, ते कळणार नाही.

तारीख लिहायच्या पण तऱ्हा असतात. आपण ५/६ लिहिले तर ५ जून. अमेरिकेत तेच ६ मे होते. म्हणून संगणकाच्या यादीत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहितात : १९९३-०९-३०. असे लिहिले की तारखा आपोआप ओळीने लागतात. दिवस आधी लिहिला तर ०१-१०-१९९३ ही तारीख ३०-०९-१९९३ च्या वर जाऊन बसते, कारण ० हा ३ च्या आधी येतो. ऑक्टोबर सप्टेंबरच्या आधी कसा येईल?

आणखी एक गंमत. जुन्या पद्धतीच्या संगणकांत या आकड्याला ३२ च घरे असतात. १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ती घरे भरतील. पुढच्या सेकंदाला असा संगणक एकदम १९०१ साल दाखवील! म्हणून नव्या संगणकांत ६४ घरे ठेवतात.

मी घरी जाऊन पाटीवर बेरीज करून आजीला दाखवली. आजीला लिहिता येत नाही, पण आकडे कळतात. ती म्हणाली, "मंग माझा दिवा बराबर हाय." मी म्हटलं, "हो आजी, एकदम बरोबर."

तर मित्रांनो, तारीख वाचताना ती कोणत्या गावच्या घड्याळाची आहे, हे आधी विचारावे. आणि मोठ्या माणसांना चूक म्हणण्याआधी बेरीज करून पाहावी.

— इयत्ता ४ थी